मारलं म्हना, जवाई

—नाही नाही, थंडी नाही हे, आभाळ उतरून आलं म्हनून अंग आकसते. पौषातलं आभाळ बेकारच. सकाळी एसटीत बसलो तवा पायलं न तुमी, धुई अशी की सडकेच्या कडची तूर दिसत नोती, डायवर नुसता भोंगा वाजवत चालला, अन वारा तं खिडकीतून असा शिरे, जसं कोनी ओलं फडकं तोंडावर मारून राहिलं. वेचनीचा कापूस आज झाडावरच भिजन. असो. हे घोंगडं घ्या. घ्या हो, सासऱ्याचं घोंगडं जवायानं घेतलं तं कोनी हासत नाही. मले बुढ्याले काय, मी अकोल्याच्या या दवाखान्यात पयले बी बसेल हाव, याच बाकड्यावर — नाही तं याच्या भावावर असन — भितीले पाठ लावली की तितली थंडी वाजत नाही. अन असे घडीघडी उठू नोका. तो दरवाज्यावरचा लाल दिवा हाये न, तो जळते तवरिक अंदर फोटो काढनं चालू हाये असं समजाचं. मंग फोटो ओला निंगते, त्याले वाळू घालतेत, मंग डाक्टर उजेडात धरून पायते. टाइम लागते. आपल्या घाईनं लवकर वाळत नाही तो.

नत्थुजी हाये अंदर शालूपाशी. तुमाले वाटलं असन, नवरा बाहेर, बाप बाहेर, अन शेजारी अंदर — ही कोनती रीत? पन तुमाले डाक्टरनं काढलं. त्याचं बी चुकलं नाही, बाईचा दंड मधातूनच मोडला म्हनल्यावर डाक्टर पयले नवऱ्याच्या हाताकडे पायते. अन मले शालूनं काढलं. "बाप नाही पायजे अंदर, नत्थुकाका, तुमी या." ऐकलं न तुमी? साऱ्या वऱ्हांड्यानं ऐकलं. राहू द्या. तिची जागा बरोबर हाये. लगन झाल्यापासून ती गावात आली की नत्थुजीच्या घरी उतरते, माह्या घरचं पानी पेत नाही, हे तुमाले का मी सांगू?

अन नत्थुजी एसटीत जे बोलला ते मनावर घेऊ नोका. लय बोलला, मले कळते. "काहून हो जवाई, तुमच्या हिवरखेडात बादल्या लोखंडाच्या हायेत की बायका मातीच्या?" — सारी एसटी हासवली त्यानं तुमच्यावर. ते मांगच्या शिटावरची बुढी तं म्हने, याले उतरवा खाली अन पैदल आना. मी कंडक्टरच्या पाठीकडं पाहत बसलो. तुमाले वाईट वाटलं असन, की सासरा एक शब्द बोलला नाही. पन मी काय बोलू? "माहा जवाई बायकोले मारनारा नाही," असं मोतीरामनं म्हनावं? आमच्या गावातले चार जन होते त्या एसटीत. हासून हासून गाडी उलटली असती.

आता एक गोठ इचारतो, जवाई. आपन दोघंच हाव, तो पलीकडचा मानूस बहिरा हाये, मंगाशीच पायलं मी. तुमी मले खरं सांगा. मारलं न? — मान हालवू नोका. घाई कायची? बादली ओढत होती, दोर तानला, कडकन आवाज आला, हे तुमी नत्थुजीले सांगतलं, डाक्टरले सांगतलं, आता मले नोका सांगू. मले दुसरं सांगा. भाकर करपली असन. नाही तं ती काही बोलली असन — शालूची जीभ तिच्या मायसारखी हाये, गरम तव्यावर पानी पडल्यासारखी, मले काय मालूम नाही? मानूस वावरातून तापून येते, बाई दारातच चार शब्द फेकते, हातात काठी राहते, बैलं हाकलाची तुतारी राहते, उचलल्या जाते. मी रागावत नाही. माह्या गळ्याची आन. तुमी नुसतं म्हना, मारलं. मी इथंच बसून राहीन, इतलं बी म्हननार नाही की काहून मारलं.

नाही म्हनता? शालू बी नाहीच म्हनते, होय. पन बाया का खरं सांगतेत? नवऱ्याच्या अंगावर येऊ नाही म्हनून बायको पडलो म्हनते, घसरलो म्हनते. ती तुमाले वाचवून राहिली. वाचवन्यासारखे हायेच तुमी. पन मले वाचवू नोका कोनी. मले आयकू द्या. कारन कसं हाये जवाई, की मारानं मोडलेलं हाड भरून येते. बोरूच्या कामट्या बांधा, दूध द्या, दोन महिने जड उचलू देऊ नोका, झालं, बाई पुन्हा जात्यावर बसते. मी किती पायले तसे. पन जे आपोआप मोडते न, ते नाही भरत. एक भरते तवरिक दुसरं—

कोनाचं म्हनजे? कोनाचं नाही. असंच बोललो. बुढा मानूस हाव, तोंडातून येते काहीबाही. तंबाखू हाये का?

…तुमी असे काहून पाहून राहिले? बसा. बसा म्हनतो न. आता अर्धं निंगालंच हाये तोंडातून, तं उरलेलं पोटात ठेवून बी काय करू. पन नत्थुजी आला की गप्प. त्याले मालूम नाही. गावात कोनालेच मालूम नाही. शालूले बी नाही. अन तुमाले तं साऱ्याइच्या आखरी मालूम व्हाले पायजे होतं.

मी मनकर्णेले कधी मारलं नाही. शालूच्या मायले. एक बोट बी नाही लावलं. पाहा, तुमी बी हासाले लागले! हासा. मले सवय हाये. तिची पयली बरगडी मोडली ती शिंकेनं. चुलीपाशी बसली होती, मिरचीचा ठसका गेला, शिंकली अन तिथंच आडवी झाली. मंग एक डाव वेचनीले वाकली ते पाठ सरळच झाली नाही. मी बंडीत कडबा अंथरून तिले अकोल्याले आनलं, याच खोलीत. स्वराज्य येऊन चार-पाच वर्ष झाले असतीन. तवाचा डाक्टर दुसरा होता, चष्म्याचा, तोंडाचा तेज. त्यानं बरगड्याइचा फोटो काढला अन बाहेर येऊन माह्या अंगावरच धावला. "जागोजागी मोडल्यात हिच्या बरगड्या, जुन्या वेगळ्या, नव्या वेगळ्या. जनावर आहेस का रे तू? पोलिसांत देतो तुला." मी हात जोडून उभा. मनकर्णा टेबलावरून म्हने, नाही हो सायेब, माहा मानूस मले उंच आवाजानं बोलत नाही. तं तो अजूनच चिडला. सगळ्या असंच म्हणतात, म्हने.

मंग त्याच्या मनात काय आलं कोन जाने, तिच्या मांडीचा फोटो काढला, हाताचा काढला, अन मंग डोक्याचा. डोक्याचा फोटो घेऊन तो त्या तिकडच्या खिडकीत उभा राहिला अन म्हनला, "वा!" वा म्हनला, जवाई. मनकर्णा अंदर कन्हून राहिली अन डाक्टर वा म्हनते. पळत गेला, दुसरे दोघं-तिघं डाक्टर घेऊन आला, एक सिस्टरबाई आली, अन सारे त्या फोटोभोवती असे उभे राहिले जसं काही बारशाले आले. मले बी बोलावलं, पाहा म्हने. मानसाचं डोकं अंदरून कसं राहते ते मले काय ठाव? पन कनगीतल्या जवारीले सोंडे लागतेत न, दान्याले गोल गोल भोकं पडतेत, तसं होतं ते. साऱ्या डोक्याले. माह्या मनकर्णेच्या. जिची येनी मी लगनात पायली होती ते डोकं.

तवा तो डाक्टर माह्याशी गोड बोलाले लागला. म्हने, "बाबा, माणसाच्या रक्तात शिपाई असतात, रोगाशी लढणारे. त्यातलेच काही फिरलेत. वाढत सुटलेत आणि हिची हाडं आतून पोखरतायत. फार दुर्मीळ. मी पुस्तकातच वाचला होता हा आजार, आज डोळ्यांनी पाहिला." अन माह्या खांद्यावर हात ठेवला, जसं मी त्याच्यासाठी काही नवल घेऊन आलो. मंग छातीच्या हाडात सुई टोचून काही काढलं, ते नागपूरले धाडलं, तिकून बी तेच आलं. औषध इचारलं तं म्हने, दुखू नये म्हणून सुई देत जाऊ. मी म्हनलं, सायेब, पोरगी हाये आमाले, मायचं लेकीले होते काय? "सहसा नाही," म्हने. सहसा. तो एवढासा शब्द माह्या पोटात बसला तो बसलाच. नाही म्हनला असता तं झोपलो असतो मी. हो म्हनला असता तं रडलो असतो. सहसा म्हनलं की मानसानं काय करावं हो?

घरी जातानी मनकर्णा बंडीत आडवी पडून होती. चाक गोट्यावर चढलं की दात खाये. मंग म्हने, "शालूचं कुंकू लागलं न?" म्हनलं, लागलं. "सूर्यभानची माय कशी हाये, मालूम हाये न तुमाले?" — आता तुमची माय नाही राहिली, तिले मी काही म्हनत नाही, जवाई, हे मनकर्णेचे शब्द हायेत — म्हने, "तिच्या जावेच्या सुनेले अंगावर चट्टे उठले तं तिनं वेशीतूनच माहेरी धाडली. रक्ताचा रोग म्हनलं की संपलं. मायच्या रक्तात ते लेकीच्या रक्तात. शालू जन्मभर आपल्या दारात बसन." म्हनलं, मंग लोकाइले काय सांगू? लोकं तं इचारतीन, बाई दर महिन्याले कशी मोडते. तं म्हने, "सांगाचं काहून? लोकं आपल्या मनानंच म्हनून राहिले, मोतीराम मारते म्हनून. म्हनू द्या. बाप मायले मारते म्हनून कोन्या पोरीचं लगन मोडलं आजवर?"

मी बैल उभे केले. सांगा, तिचं काय चुकलं होतं? तुमच्या मायनं, तुमच्या काकानं आयकलंच असन की मोतीराम बायकोले मारते. मोडलं का लगन? इचारलं बी नाही कोनी.

मंग ते चालू झालं. मी तिले कुशीवर वळवाचो, दोन हातानं, चादरीसगट, जसं ताजं लोनी केळीच्या पानावर ठेवतेत तसं — अन ती कोकले, "मारू नोका हो! मेली वं माय, मारून टाकलं यानं!" साऱ्या वस्तीले आयकू जाये. दुखे तं खरंच, कोकलनं काही खोटं नोतं. शब्द तेवढे माह्या नावानं टाके. अन तेच तोंड माह्या कानापाशी आनून म्हने, "पाठीखालचं फडकं सरकवा थोडं." नत्थुजी कुडापलीकडून शिव्या दे. "काहून रे मोतीराम, आज कायनं चालू हाये, मुसळानं का?" पोट्टे माह्या मांगं दगड घेऊन फिरत. चिलमीवर बसलो की चिलीम दुसरीकडून फिरे. अन शालू, तिची शालू, कोपऱ्यात दोन्ही कान दाबून बसे अन माह्याकडं पाहे. मी तिच्या मायच्या तोंडात पानी घालून राहिलो, अन ती माह्या हाताकडं अशी पाहे, जसा हात नाही, साप हाये.

मनकर्णेचा भाऊ आला, जानराव, दोन चुलते घेऊन. मले निंबाले बांधलं अन बैलाच्या दाव्यानं मारलं. नत्थुजीनं दावं देलं आपल्या कोठ्यातलं. मनकर्णेची खाट दारात होती. ती पाहत होती. जानराव म्हने, सांग बाई, अजून मारू का? तिनं तोंड भितीकडं केलं. तिले एक शब्द बोलता आला असता, अन बोलली नाही ती. मले राग आला होता तवा, खोटं कशाले सांगू — म्हनलं, इतली कशी कठोर झाली ही? ते लोकं गेल्यावर म्हने, "लय लागलं का?" म्हनलं, नाही. म्हने, "शालूचं लगन होऊ द्या, मंग मीच सांगीन साऱ्याइले." चैतात लगन झालं. तुमी पायलं न, खाटेवरूनच तिनं अक्षदा टाकल्या, वर हात करतानी तो बी मोडला, डोळ्यात पानी घेऊन हासत होती ती, तुमाले वाटलं आनंदानं रडून राहिली. वरात गेली, अन मी म्हनलं, आता सांग. तं म्हने, "आता तं बिलकुल नाही. आता पोरगी त्याईच्या घरात हाये. मेल्यावर बी नाही." आषाढ काही पायला नाही तिनं. तिच्या मातीले जानरावनं मले खांदा देऊ देला नाही. मी मांगं मांगं गेलो, लांबून.

तुमच्या पोराचं, धर्मपालचं, काहून इचारता? त्याले काही नाही, चांगला धडधाकट हाये पोट्टा, शाळेत जाते. सहसा नाही होत, म्हनला न डाक्टर. — फसवलं? हो. फसवलं तुमाले. मी कुठी नाही म्हनतो? मारा मले, इथंच मारा, मले मार खाता येते. पन पयले माहं आयका.

दीक्षा घेतली तवा घरातले देव मीच टोपल्यात भरून नदीत सोडले. त्याचं दुख नाही मले, चांगलं झालं, मान वर करून चालाले शिकलो. पन आज सकाळपासून मागू कोनाले? बुद्धाले मागता येत नाही, ते काही देनारे देव नाहीत, भंतेजी सांगतेत तसं. मंग तुमालेच मागून राहिलो. तुमी हायेत न मोठे, वावराचे धनी, हात हायेत तुमाले. माह्या पोरीले तुमी मारलं असं होऊ द्या. मारनारा नवरा असला तं बाई जगते हो! तुमचा मार मी सोसीन, ती सोसन, मी तिले म्हनीन, सोस माय, लय चांगला हाये तुहा नवरा. बाप असं मागते का? नाही मागत. मी मागून राहिलो. एक डाव मारलं म्हना, जवाई.

…काय म्हनले? जरा जोरानं. या कानानं कमी येते.

मारलं? तुमी मारलं? — आता हे बोलले मानसासारखं! अरे पन मंगापासून सांगाचं न! मारलं… कायनं? काठीनं? हा, हा, तुतारीनं मोडतेच, तुतारी चिवट राहते. जोरानं मारलं न? राग आला होता? येतेच राग, मानूसच हाये. कोन्या हाताले लागली? उजव्या? …उजव्या. मोडला तं डावा हाये न तिचा? झोळीत तं डावा बांधेल— असन, असन. रागात कोनाले याद राहते, डावा का उजवा. तुमी समोरून मारलं असन, समोरून पायलं तं उलटंच दिसते. बरोबर हाये. बरोबरच हाये तुमचं. काहून डोळे पुसता? मारलं तं मारलं, त्यात रडाचं काय? या, असे जवळ या, पाठीवर हात फिरवू द्या मले. सोन्यासारखा जवाई हाये माहा. मनकर्णे, पाहा वं, मारलं यानं तुह्या लेकीले, काठीनं मारलं!

पाहा, दिवा इझला. उठू नोका, उठू नोका, तुमचं काही होऊ देनार नाही मी, डाक्टरले मी सांगतो, पाय धरीन त्याचे, पोलिसाचे धरीन. नत्थुजी आला. हासून राहिला तो, जवाई! हासून राहिला म्हनजे — ये बाप्पा, ये, बस. काय म्हने डाक्टर? लवकर सांग. अन आयक, तू काही बोलू नोको यायले, जवायानं कबूल केलं मले, मारलं म्हने, आता—

"काय मारते कपाळ! एसटीत उगीच बोललो मी यायले. डाक्टर म्हनते माराचं नाहीच हे. हाड अंदरूनच पोकळ झालं होतं पोरीचं, बादलीच्या वजनानं आपोआप मोडलं. जवायानं हात बी लावला नाही तिले. ऊठ मोतीराम, पाया पड त्याईच्या. तुह्यासारखा नाही निंगाला तो."